जार्नडिस विरुद्ध जार्नडिस: रेंगाळणाऱ्या खटल्याची पळती मालिका

आमच्या आजोबांचा शेताच्या बांधावरून दावा चालू होता. त्याचे सगळे कागद एका खाकी कापडी पिशवीत असत आणि ती पिशवी देवघराच्या वरच्या फळीवर असे. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आजी नेमकी आजोबा तारखेला निघाले की म्हणायची. पुढे आजोबा गेले, त्यांचे वारस म्हणून काका आणि आत्या कागदावर आले. समोरच्या घरातही तेच झालं. बांध होता तिथेच राहिला.

त्यामुळे चार्ल्स डिकन्सची 'ब्लीक हाउस' हातात आली तेव्हा ती मला फारशी परकी वाटली नाही. लंडन, धुकं, घोडागाड्या हे सगळं वेगळं, पण मधोमध बसलेला खटला ओळखीचा. बीबीसीने २००५ मध्ये या कादंबरीवर केलेली मालिका मात्र पहिल्या बैठकीत अर्धीच कळली. बड्या घरातल्या लेडी डेडलॉकचं रहस्य कळलं, कोण कोणाच्या मागावर आहे तेही कळलं. 'जार्नडिस विरुद्ध जार्नडिस' हा खटला नक्की कशाचा आणि तो संपत का नाही, हे मात्र मालिका जेमतेम सांगते. तिला तेवढा वेळच नाही. म्हणून आधी खटला समजून घेऊ आणि मग मालिकेकडे येऊ.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये न्यायाच्या दोन वेगळ्या वाटा होत्या. एक नेहमीच्या कायद्याची. तिथे ज्यूरी बसे, साक्षीदार तोंडी साक्ष देत, आणि नुकसान झालं असेल तर बहुतेक वेळा पैशांत भरपाई मिळे. पण काही भानगडी या वाटेने सुटत नसत. समजा मी मरताना माझी जमीन मित्राच्या नावे केली आणि सांगितलं, 'माझा मुलगा मोठा होईपर्यंत तू सांभाळ, मग त्याला दे.' मित्र फिरला तर? कायद्याच्या कोर्टाला कागदावरचा मालक दिसे, म्हणजे मित्र. मुलाने जायचं कुठे? तर लॉर्ड चॅन्सलर या बड्या न्यायाधीशाकडे, त्याच्या चॅन्सरी कोर्टात. हे कोर्ट सद्सद्विवेकाला धरून निवाडा करी आणि मित्राला सांगे, जमीन तुझ्या नावावर असली तरी तू नुसता विश्वस्त आहेस. या न्यायपद्धतीला इक्विटी म्हणतात. ट्रस्ट, मृत्युपत्रं, अज्ञान मुलांची मिळकत, मनाई हुकूम असले विषय चॅन्सरीचे. आपलाही तिच्याशी धागा आहे. मुंबईत १८२४ मध्ये सुरू झालेल्या सुप्रीम कोर्टाला हे इक्विटीचे अधिकार होते आणि १८६२ मध्ये आलेल्या हायकोर्टाने ते पुढे चालवले.

म्हणजे मुळात हे कोर्ट दुबळ्यांसाठी होतं. मग ते बदनाम का झालं? कारण त्याची कार्यपद्धती. सगळा कारभार लेखी. साक्षसुद्धा समोर उभं राहून नाही, तर प्रश्न लिहायचे, उत्तरं लिहायची आणि प्रतिज्ञापत्रं जोडायची. प्रत्येक कागदाच्या नकला काढायच्या आणि नकलेचे पैसे भरायचे. ज्याचा ज्याचा मिळकतीत काडीइतकाही संबंध आहे, तो तो खटल्यात पक्षकार हवा. त्यातला एखादा मेला की खटला तिथेच थांबायचा. वारसांना आणून, नव्याने अर्ज करून तो पुन्हा चालता करावा लागे. नवं मूल जन्मलं की आणखी एक पक्षकार. आपल्याकडे दिवाणी दाव्यात पक्षकार वारला की वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतात, नाहीतर दावा अबेट होतो, म्हणजे आपोआप गळून पडतो. ज्याने हे पाहिलंय त्याला जास्त समजावायला नको. आणि या सगळ्याचा खर्च कुठून? बऱ्याचदा ज्या मिळकतीवरून भांडण, तिच्यातूनच.

जार्नडिसचा खटला असाच एका मृत्युपत्रावरून आणि त्यात नेमून दिलेल्या ट्रस्टवरून सुरू झालेला आहे. कधीकाळी तो त्यासाठी होता, आता फक्त खर्चासाठी चाललाय, असं जॉन जार्नडिस स्वतःच सांगतो. या घराण्यातल्या टॉम जार्नडिसने निकालाची वाट पाहून पाहून चॅन्सरी लेनमधल्या एका कॉफी हाउसात स्वतःवर गोळी झाडून घेतलेली असते. जॉन आता राहतो त्या घराला 'ब्लीक हाउस' हे उदासवाणं नाव त्यानेच दिलेलं. जॉन शहाणा आहे, तो खटल्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याच्याकडे आश्रयाला आलेला तरुण रिचर्ड कार्स्टन मात्र त्यात गुंततो. 'आता लवकरच निकाल लागेल' या एका आशेवर तो डॉक्टरकी, मग वकिली, मग लष्कर असं एकेक धंदे सोडत जातो.

डिकन्सला हे ऐकीव नव्हतं. १८४४ मध्ये त्याच्या ख्रिसमसच्या गोष्टीची चोरटी आवृत्ती छापणाऱ्यांवर तो स्वतः चॅन्सरीत गेला. खटला जिंकला. छापणाऱ्यांनी दिवाळं जाहीर केलं आणि सुमारे ७०० पौंडांचा खर्च जिंकलेल्या डिकन्सच्याच गळ्यात पडला. अतिशयोक्तीचा आरोप होईल हे ओळखून त्याने 'ब्लीक हाउस'च्या प्रस्तावनेत चालू खटल्यांचे दाखले दिले आहेत. त्यातला एक आदल्या शतकाच्या शेवटापूर्वी सुरू झालेला आणि १,४०,००० पौंडांहून जास्त रक्कम गिळून अजून निकाल न लागलेला. पुढे १८५२ पासून सुधारणा होत गेल्या आणि १८७३ ते १८७५ च्या कायद्यांनी चॅन्सरी हे वेगळं कोर्ट बंद होऊन हायकोर्टाचा एक विभाग झालं.

आता पेच बघा. दिरंगाई हा या कादंबरीचा विषय आहे. कादंबरीत दिरंगाई दाखवता येते, कारण पानंच पानं हातात असतात आणि वाचक स्वतःच थोडा कंटाळतो, थोडा धुक्यात चाचपडतो. टीव्हीवर प्रेक्षक कंटाळला की रिमोट उचलतो. तेव्हा कंटाळवाण्या खटल्याची गोष्ट कंटाळा न आणता कशी सांगायची?

आधी नुसता हिशेब करू. कादंबरी ६७ प्रकरणांची, साडेतीन लाखांच्या आसपास शब्द. मिनिटाला दीडशे शब्दांनी कोणी मोठ्याने वाचायला बसलं तर ३८-३९ तास लागतील. बीबीसीच्या मालिकेचे भाग १५. पहिला तासाचा, बाकीचे अर्ध्या तासाचे. एकूण आठ तास. म्हणजे पाचात चार भाग टाकून द्यायचे आणि तरी प्रेक्षकाला काही टाकलंय असं वाटता कामा नये.

पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची. जुन्या इंग्रजी कादंबऱ्या पडद्यावर आणण्यात त्यांचा हात आधीच बसलेला. दिग्दर्शन आधी जस्टिन चॅडविक आणि नंतरच्या भागांचं सुझाना व्हाइट यांचं. पण माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय होता तो भागाच्या लांबीचा. तोवर असल्या मालिका म्हणजे आठवड्यातून एक लांबलचक भाग, घोडे, झालरी, चहाचे कप आणि सावकाशीने उघडणारी दारं. ही मालिका २७ ऑक्टोबर २००५ पासून आठवड्यातून दोनदा लागली, तीही 'ईस्टएन्डर्स' या लंडनच्या चाळवजा वस्तीतल्या लोकप्रिय मालिकेच्या पाठोपाठ. म्हणजे जो प्रेक्षक जेवणाचं ताट घेऊन रोजच्या मालिकेपुढे बसतो, त्याच्याच पुढ्यात डिकन्स वाढला.

काहींनी नाकं मुरडली. अभिजात साहित्याची 'मालिका' करून टाकली म्हणे! मला यात गंमत अशी वाटते की ती मुळात मालिकाच होती. 'ब्लीक हाउस' मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ अशी १९ महिने, महिन्याच्या हप्त्यांनी आली. शेवटचा हप्ता जोडअंक. प्रत्येक हप्त्यात ३२ पानं मजकूर, फिझ या चित्रकाराची दोन चित्रं, बाकी जाहिराती, किंमत एक शिलिंग. त्या वेळी नवी कादंबरी तीन खंडांत विकत घ्यायची तर साडेएकतीस शिलिंग पडत, म्हणजे सामान्य माणसाने नावच सोडायचं. महिन्याला एक शिलिंग मात्र परवडे. आपल्याकडेही ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यात क्रमशः येत गेल्या. पुढच्या अंकाची वाट बघणं मराठी वाचकालाही तेव्हापासून ठाऊक आहे.

हप्त्यांमध्ये लिहिणाऱ्याला दोन गोष्टी कराव्याच लागतात. पहिली, हप्ता संपताना वाचकाला लटकवून ठेवायचं. नोव्हेंबर १८५२ च्या हप्त्याचा शेवट काय आहे? आपलं मूल जन्मतःच मेलं असं जिला सांगण्यात आलं होतं, त्या लेडी डेडलॉकला कळतं की ते जिवंत आहे. गर्विष्ठ, थंड बाई गुडघ्यांवर कोसळते आणि हप्ता संपतो. महिनाभर थांबा. डिसेंबरच्या शेवटी भंगारवाला क्रूक. त्याच्या खोलीत मध्यरात्री दोघे जण येतात. हवेत जळक्या चरबीचा वास, खिडकीच्या चौकटीवर पिवळट चिकट ओघळ, मांजर फिस्कारतंय आणि फरशीवर जळालेला एक डाग. क्रूक आपोआप पेट घेऊन राख झालाय! शास्त्राच्या बाजूने लेखक-समीक्षक जी. एच. लुइस यांनी लगेच जाहीर हरकत घेतली की माणूस असा पेटत नाही, आणि डिकन्स हट्टाने भांडत राहिला. चूक लुइस यांची नव्हती. पण हप्त्याचा शेवट म्हणून बघितलं तर डिकन्सला तोड नाही. तोच क्रूक मालिकेत जॉनी वेगस यांनी केलाय, बघताना अंगाला तेलकट काही लागल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट, पात्रं लक्षात राहिली पाहिजेत. महिन्याने परत भेटणारं माणूस वाचकाने कसं ओळखायचं? म्हणून डिकन्स प्रत्येकाला एक खूण देतो. मन खट्टू झालं की जॉन जार्नडिस म्हणणार, पूर्वेचा वारा सुटलाय. दुसऱ्याच्या पैशांवर जगणारा स्किम्पोल म्हणणार, मी तर बापडा लहान मूल, मला व्यवहारातलं काय कळतं! इन्स्पेक्टर बकेटची तर्जनी. समीक्षक याला डिकन्सचा भडकपणा म्हणतात. मला त्यात कामाची सोय दिसते. मालिकेने हीच सोय उचलली. खुर्चीत मुटकुळं होऊन बसणारा सावकार स्मॉलवीड दर वेळी नातीवर खेकसतो, 'ज्युडी, हलव मला!' आणि ती त्याला उशीसारखा ठोकून सरळ करते. फिल डेव्हिस यांचा हा स्मॉलवीड दोन भागांत पाठ होतो. पंधरा भागांत चाळीसेक पात्रं सांभाळायची तर असा टाका हवाच.

अमेरिकेत पीबीएस या टीव्ही वाहिनीने २००६ मध्ये हीच मालिका सहा मोठ्या भागांत जोडून दाखवली. तिथे काय झालं असेल बघा: अर्ध्या तासाने श्वास अडकवणारी जागा भागाच्या मधोमध आली आणि पुढच्याच क्षणी श्वास सुटला. आज सगळे भाग एका रात्रीत बघून टाकणाऱ्यांचंही तेच होतं.

हे झालं जमलेलं. आता जे पडद्यावर येतच नाही त्याकडे.

'ब्लीक हाउस' दोन आवाजांत लिहिली आहे. निम्मी जॉन जार्नडिसच्या घरी राहणारी एस्थर समरसन सांगते: 'मी' म्हणून, भूतकाळात, सौम्यपणे, स्वतःला जरा जास्तच कमी लेखत. निम्मी एक अनाम निवेदक सांगतो, चक्क वर्तमानकाळात, गिधाडासारखा लंडनवर घिरट्या घालत. सुरुवातीचं ते प्रसिद्ध धुकं त्याचंच. नदीवर धुकं, जहाजांवर धुकं, म्हाताऱ्यांच्या घशात धुकं, आणि सगळ्यात दाट धुक्याच्या ऐन मध्यावर, चॅन्सरीत, बसलेले लॉर्ड चॅन्सलर. हा आवाज कॅमेऱ्याला कसा देणार? बीबीसीच्याच १९८५ च्या आठ भागांच्या आवृत्तीने धुकं आणि संथपणा सांभाळला होता. त्यात डायना रिग लेडी डेडलॉक होत्या. २००५ वाल्यांनी ती वाट सोडून दिली. त्यांची मालिका एस्थरच्या लंडनकडच्या प्रवासाने सुरू होते. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना कॅमेरा झपकन इमारतीवर झेपावतो, सोबत 'सूं' असा आवाज. पहिल्या दिवशी मला ते खटकलं, दागिन्यांच्या पेढीत मोटरसायकल घातल्यासारखं. नंतर लक्षात आलं, घिरट्या घालणाऱ्या निवेदकाच्या जागी त्यांनी ही झेप ठेवली आहे. जमलंय का? अर्धवट. वेग आला, पण त्या निवेदकाचा संताप कुठेच आला नाही. रस्ते झाडणारा 'जो' नावाचा अनाथ पोरगा मरतो तेव्हा कादंबरीतला निवेदक थेट राणीला, उमरावांना, धर्मगुरूंना उद्देशून बोलतो, की अशी माणसं आपल्या भोवती रोज मरताहेत. मालिकेत हा 'जो' मरतो आणि आपल्याला वाईट वाटतं. आपल्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

एस्थरच्या बाबतीत मात्र उलटं झालं. पुस्तकात तिचं सतत 'मी काही हुशार नाही' ऐकून कंटाळा येतो. मालिकेत तिचं निवेदन गेलं आणि उरला अॅना मॅक्सवेल मार्टिनचा चेहरा. ती कमी बोलते, सगळं बघते. या कामासाठी तिला २००६ मध्ये उत्कृष्ट अभिनेत्रीचं बाफ्टा हे ब्रिटिश पारितोषिक मिळालं, मालिकेलाही मिळालं.

मनातलं बाहेर काढायची आणखी एक युक्ती डेडलॉक घराण्याचा वकील टल्किंगहॉर्न याच्या बाबतीत दिसते. कादंबरीत हा माणूस म्हणजे बंद कपाट. गुपितं साठवतो, कोणाशी बोलत नाही. चार्ल्स डान्स यांच्या चेहऱ्यावर ते कपाट व्यवस्थित दिसतं, पण आत काय शिजतंय हे प्रेक्षकाला कळायला हवं ना! म्हणून पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी क्लॅम्ब नावाचा एक कारकून नव्याने निर्माण केला. त्याला हुकूम सोडताना टल्किंगहॉर्नचे डावपेच आपल्याला ऐकू येतात. दुसरीकडे बॅगनेट हे अख्खं गोड कुटुंब कापून टाकलं. पुस्तकावर प्रेम करणाऱ्यांना ते झोंबतं. मला झोंबलं.

एका प्रसंगाशी जरा थांबू, कारण खटला आणि रहस्य यांची गाठ तिथेच आहे. टल्किंगहॉर्न लेडी डेडलॉकला जार्नडिस खटल्यातलं एक प्रतिज्ञापत्र वाचून दाखवतोय. नेहमीचं रटाळ काम. तिचे नवरे सर लेस्टर मान डोलावताहेत. शेकोटीची धग लागते म्हणून ती जागा बदलते, तिची नजर टेबलावरच्या कागदावर पडते आणि ती एकदम विचारते, ही नकल कोणी केली? वकील चमकतो. आजवर जिने कशातच रस दाखवला नाही ती नकलनवीसाची चौकशी करते? ते अक्षर तिच्या जुन्या प्रियकराचं आहे, म्हणजे तिची मुलगी एस्थर हिच्या बापाचं. मेला म्हणून समजलेला तो, 'नीमो' असं नाव घेऊन, क्रूकच्या माळ्यावर नकला उतरवून पोट भरतोय. नीमो म्हणजे लॅटिनमध्ये 'कोणी नाही'.

चॅन्सरीत इतके कागद नसते तर इतक्या नकला लागल्या नसत्या. नकला नसत्या तर नीमोला काम नसतं, आणि ते अक्षर लंडनच्या सगळ्यात गलिच्छ खोलीतून सगळ्यात श्रीमंत दिवाणखान्यात कधीच पोचलं नसतं. डिकन्सने खटल्याच्या कंटाळवाणेपणातूनच रहस्य काढलंय. लेडी डेडलॉक झालेल्या जिलियन अँडरसन यांनी हा क्षण जवळजवळ न हलता केलाय. प्रश्न विचारून झाल्यावर त्या काहीच करत नाहीत, आणि त्यावरूनच कळतं की सगळं संपलंय. खटल्याची पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर मात्र तिथे एक सुंदर बाई कागद बघून दचकली, एवढंच दिसतं.

पुढचं ज्यांना कळायला नको असेल त्यांनी इथे थांबावं, जरी गोष्ट पावणेदोनशे वर्षांची होत आली असली तरी.

खटला संपतो. क्रूकच्या रद्दीत एक नवं मृत्युपत्र सापडतं, आता निकाल रिचर्ड आणि त्याची बायको एडा यांच्या बाजूने लागणार असं वाटू लागतं. त्या दिवशी एस्थर कोर्टापाशी पोचते तेव्हा गर्दी बाहेर पडतेय आणि सगळे हसताहेत. मागोमाग कागदांचे भारेच्या भारे बाहेर येऊ लागतात. काय झालं विचारल्यावर कळतं, खटला निकाली निघाला नाही, नुसता विझला: सगळी मिळकत खर्चातच संपली. कादंबरीतला हा विनोद भयंकर आहे. तो पुरता लागायला मागे साठ-पासष्ट प्रकरणांची वाट तुडवलेली हवी. मालिकेत आपण तिथे आठ तासांत पोचतो, धापा टाकत, पण रिचर्डइतके थकून नाही.

कोर्टात रोज येणारी वेडसर मिस फ्लाइट पहिल्यापासून आपल्याला दिसत असते. मालिकेत पॉलिन कॉलिन्स यांनी ती केली आहे. तिच्या हातात कायम एक लहानशी पिशवी, 'माझी कागदपत्रं' म्हणून जपलेली. डिकन्स सांगतो की आत काडेपेटीऐवजी वापरायच्या कागदी सुरळ्या आणि वाळलेल्या लॅव्हेंडरच्या काड्या आहेत, बाकी काही नाही. खोलीत तिने पिंजऱ्यात पक्षी ठेवलेत आणि निकालाच्या दिवशी ते सोडायचं ठरवलंय. आशा, तारुण्य, शांती अशी त्यांची नावं सुरू होतात आणि राख, उपासमार, वेड, मरण अशी पुढे जातात. रिचर्ड त्याच दिवशी जातो. रात्री उशिरा, सगळं शांत झाल्यावर, मिस फ्लाइट रडत एस्थरकडे येते आणि पक्षी सोडले म्हणून सांगते. कादंबरीत त्याला एकच वाक्य आहे आणि त्यावर प्रकरण संपतं.

आजोबांची खाकी पिशवी आता काकांच्या घरी आहे. मागच्या दिवाळीत मी ती खाली काढून बघितली. वरच्या तीन कागदांवर तीन वेगवेगळी हस्ताक्षरं होती, आणि आजोबांचं त्यातलं एकही नव्हतं.